गुळाच्या चहाचा समेट

याकोब भांबळ यांनी उभ्या आयुष्यात कोणाशी भांडण केले नाही, असे त्यांना ओळखणारे सगळे एकमुखाने सांगतात. या विधानाला एकच हरकत आहे आणि ती त्यांच्या पत्नी मार्थाबाई यांची आहे. ती हरकत त्या तोंडाने घेत नाहीत. हे वाक्य कोणी उच्चारले, की सुपातले तांदूळ जरा जोरात पाखडू लागतात.

दुसऱ्यांची भांडणे मात्र याकोबराव पगार घेऊन ऐकत. देवळाली प्रवरेच्या पलीकडे, पाटाच्या कडेला, उसाच्या रानात उभ्या असलेल्या एका साखर कारखान्याचे ते लेबर ऑफिसर होते. १९४५ साली हा हुद्दा इतका नवा होता, की या माणसाला बसवायचे कोठे हेच कारखान्याला सुचेना. टाइम ऑफिसात जागा नव्हती, दवाखान्यात होती. म्हणून त्यांचे टेबल दवाखान्याच्या व्हरांड्यात मांडले गेले, आणि सुरुवातीचे काही आठवडे तक्रार घेऊन येणारा प्रत्येक माणूस आधी जीभ बाहेर काढून दाखवी. याकोबराव ती निरखून पाहत, ‘ठीक आहे’ म्हणत, आणि मग तक्रार विचारीत. यातून कोणाला औषधाचा गुण आल्याची नोंद नाही. पण जीभ दाखवून झालेला माणूस पुढे फार चढ्या आवाजात बोलत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते.

त्याआधी ते नेवाशाच्या बाजूला मिशनच्या शाळेत शिक्षक होते. वडील फिलिपराव ख्रिस्ती कीर्तनात मागे उभे राहून झांज वाजवीत, त्यामुळे पुढचा माणूस काय बोलतो ते नीट ऐकून मगच आवाज करायचा, हे वळण घरातूनच पडलेले. युद्धाच्या वर्षांत महागाई वाढली, कामगार बोलू लागले, सरकार कायदे करू लागले, आणि कारखान्याच्या मालकांना वाटले, की आपल्याकडेही बोलण्यासाठी एखादा पगारी माणूस असावा. मुलाखतीत मॅनेजरसाहेबांनी विचारले, की दोन माणसे हमरीतुमरीवर आली तर तुम्ही काय कराल. याकोबराव म्हणाले, “दोघांना बसायला देईन.” साहेबांनी पुढे काही विचारले नाही. उत्तर आवडले म्हणून, की जेवणाची वेळ झाली म्हणून, याबद्दल मतभेद आहेत.

नेमणूक मिळाली ती उमेदवारीवर. साहेबांनी अट तोंडी सांगितली, पण चार माणसांत सांगितली. दर वर्षी हंगामाच्या आरंभी उसाची पहिली मोळी वाजतगाजत गव्हाणीत टाकतात. तिथून ती साखळीवरून थेट चरकाकडे जाते आणि कारखाना सुरू होतो. “पुढच्या हंगामाची मोळी ठरल्या दिवशी पडली, तर तुम्ही कायम,” साहेब म्हणाले. “कामगारांच्या तक्रारीपायी ती अडली, तर हा हुद्दाच आम्हाला नको.” परतीची वाट नव्हती. शाळेतली जागा याकोबरावांच्या मेहुण्याला मिळाली होती, आणि मेहुणा मिळालेली जागा सोडणाऱ्यांपैकी नव्हता.

मार्थाबाईंनी या अटीचा अर्थ आपल्या परीने लावला. कारखान्याने दिलेल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्यांनी एकही खिळा ठोकू दिला नाही. कंदील, आरसा आणि काचेत मढवलेले शास्त्रवचन, तिन्ही ट्रंकेवर भिंतीला टेकून उभी राहिली. याकोबराव वर्षभर गुडघ्यावर बसून दाढी करीत.

“अहो, भिंत अजून आपली नाही,” त्या म्हणत. “कायम झालात, की ठोका.”

आता त्यांच्या पद्धतीविषयी. व्हरांड्यात टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या होत्या. एक हाताची, ती कंपनीची; दुसरी बिनहाताची, ती कामगाराची. तंटा आला, की याकोबराव दोघांना एकमेकांच्या खुर्चीत बसवीत आणि समोरच्याची बाजू मांडायला लावीत. समोरचा जोवर “व्हय, आसंच म्हननं हाय माझं” असे कबूल करीत नाही, तोवर मांडणी चालू. कबुली झाली, की दोघांनी आपापल्या खुर्चीत परत यायचे आणि मग समेटाचे बोलायचे. ही युक्ती त्यांना कोठून सुचली, याच्या दोन हकीकती आहेत. याकोबरावांच्या मते शाळेतल्या वक्तृत्वाच्या तासातून. मार्थाबाईंच्या मते ती त्यांची स्वतःची आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी नगरला बिऱ्हाड करावे की नेवाशाला राहावे या वादात त्यांनी ती प्रथम वापरली. दुसरी हकीकत अधिक ग्राह्य मानावी लागते, कारण त्या शाळेत वक्तृत्वाचा तासच नव्हता.

पद्धत चालत असे, कधीकधी हवी त्यापेक्षा जास्त. वजनकाट्यावरचा कारकून आणि एक गाडीवान यांच्या तंट्यात गाडीवानाला कारकुनाच्या खुर्चीत बसवले, तर त्याला ती इतकी मानवली, की त्याने तिथल्या तिथे याकोबरावांचे, कंपाउंडरचे आणि दवाखान्याच्या मांजराचे वजन अंदाजाने सांगून टाकले आणि तिघांच्याही वजनात घट धरली. खरा कारकून हसता हसता खुर्चीवरून घसरला. समेट त्याच दुपारी झाला. पण माणसाला दुसऱ्याच्या खुर्चीतून उठवणे हे बसवण्यापेक्षा अवघड असते, हा धडा याकोबरावांनी तेव्हाच घ्यायला हवा होता. त्यांनी तो घेतला नाही.

मग आला १९४६ चा हंगाम आणि चहाचा तंटा.

साखरेवर तेव्हा सरकारी नियंत्रण होते. कारखान्यात कामगारांना सकाळ-दुपार चहा मिळे, आणि इतकी वर्षे तो फाटक्या पोत्यांतून सांडलेल्या साखरेवर निभावत असे. त्या वर्षी कोणा तपासनिसाने बजावले, की सांडलेली साखरही साखरच आहे. गोदामाला कुलूप लागले आणि चहात गूळ पडू लागला. गुळाचा चहा काही वाईट नसतो; घरोघर तोच होता. पण चहाच्या भट्टीवरच्या मालनबाई घाईच्या माणूस. त्या उकळत्या चहात गूळ आणि दूध एकदमच लोटीत, आणि दूध फाटे. कामगारांच्या कपात वर पिवळे पाणी आणि खाली चोथा.

“साखर आमी करायची, अन् प्यायचं ह्ये,” मिल फिटर कानिफनाथ ढोकणे यांनी कप उलटा करून दाखवला. चोथा कपाला धरून राहिला. “ह्येला चहा म्हनत्यात का पोटीस?”

“पोटीस लावलं तर गुन तरी येतो,” मालनबाई भट्टीमागून म्हणाल्या. “मला काय सांगतोस रं? साखर दे, मंग बग.”

कानिफनाथ अंगाने आडवे, आवाजाने उभे. सगळे कामगार त्यांच्या शब्दावर चालत. मोळीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केले, की चहा गोड झाल्याशिवाय गव्हाणीची साखळी फिरणार नाही. साखळी फिरवायची कळ त्यांच्याच हाताखाली होती, त्यामुळे हा शब्द पोकळ नव्हता. दुसऱ्या दिवसासाठी नेवाशापर्यंतच्या बागायतदारांना आमंत्रणे गेली होती, हार सांगितले होते, वाजंत्री ठरली होती.

याकोबराव ही बातमी ऐकून घरी पाणी प्यायला गेले. मार्थाबाईंनी ट्रंकेवरचा आरसा उचलला, पदराने पुसला आणि पुन्हा तिथेच टेकवला. त्या पुसण्याचा अर्थ लावत ते व्हरांड्यात परतले.

मॅनेजरसाहेबांनी स्वतः न येता कंपनीच्या वतीने स्टोअरकीपर आसाराम बोरुडे यांना धाडले, कारण गोदामाच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. आसाराम म्हणजे किडकिडीत बांधा, पांढरी टोपी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि बोलणे असे, की किल्ल्याच जास्त ऐकू याव्यात. दुपारचा चहा कोणीच प्यायला नव्हता. सगळे कामगार व्हरांड्याच्या कठड्याबाहेर दाटीने उभे होते. पुढे कानिफनाथांचा मदतनीस गोरक्षनाथ, हातात पाना तसाच.

“मास्तर,” कानिफनाथ म्हणाले (याकोबरावांना सगळे मास्तरच म्हणत), “आज ते बसायउठायचं राहू द्या. साखर द्या, नायतर न्हाई म्हना.”

“एवढंच करायचं, तर मी कशाला हवा?” याकोबराव म्हणाले. “बसा. तुम्ही कंपनी. आसारामभाऊ, तुम्ही कामगार.”

कानिफनाथ हाताच्या खुर्चीत बसले. खुर्ची कुरकुरली. बाहेर हशा झाला, त्यात तेही हसले. मग त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले, आणि तेवढ्यात काहीतरी झाले. पुढे ते स्वतः याबद्दल इतकेच सांगत, की बिनहाताच्या खुर्चीत माणसाला हात कुठं ठेवावेत ह्येच कळत न्हाई, अन् त्या खुर्चीत ते आपोआप कळतं.

“कंपनीचं म्हननं आसं,” त्यांनी सुरुवात केली, “की साखर सरकारची हाय. आमी तरी काय करावं?”

“बरोबर,” आसाराम पुटपुटले. “हेच म्हणणं आहे.”

इथेच थांबायचे होते. पण कानिफनाथ थांबले नाहीत. “अन् दुसरं. चहाचा भोंगा झाला, की ह्यो गोरक्षनाथ हातातला पाना हाय तिथं टाकून पळतो. गेल्या हंगामाला त्यो पाना मिलच्या रोलरात ग्येला. रोलर उतरवला कुनी? मी. रात्र कुनी घालवली? मी. चहा पिऊन ह्ये लोक भिताडाला टेकून बिड्या वढत बसत्यात, अन् मी येकटा मशिनीपाशी ‘या रं, या रं’ करतो. आसल्यांना साखर? कंपनी म्हनती, आधी मानसं गोड व्हा.”

बाहेर गोरक्षनाथने पाना पाठीमागे लपवला.

“हे कंपनीचं म्हणणं आहे?” याकोबरावांनी हळूच विचारले.

“कंपनीचं नाही,” आसाराम गोंधळून म्हणाले, “पण असायला हरकत नाही.”

याकोबरावांनी घाईने तंट्याच्या वहीचे पान उलटले. “आसारामभाऊ, आता तुम्ही. कामगारांची मागणी मांडा.”

आसाराम बिनहाताच्या खुर्चीच्या टोकावर बसले होते. “चहात साखर मिळावी, अशी विनंती आहे.”

“इनंती न्हाई करत आमी,” कानिफनाथांनी दुरुस्ती केली. “छातीतून म्हना.”

आसारामांनी श्वास घेतला, तो बहुधा फार वर्षांनी इतका खोल घेतला असावा. “साखर मिळाली पाहिजे. पोत्यांच्या थप्प्या छपरापर्यंत लागल्यात. दिवसभर त्यांच्यातून फिरायचं. घामाला साखर चिकटते, मुंगळे विजारीत शिरतात. आणि तोंडात काय, तर गूळ. घरी चहात साखर दिसली, तर शेजारी म्हणतील गोदामातून आणली. म्हणून घरीही गूळच. बायको रोज संध्याकाळी हात हुंगते. जावयाला दिवाळसणाला गुळाचा चहा दिला, तो अजून बोलत नाही.” किल्ल्यांचा जुडगा खणखणला; आसाराम उभे राहिले होते. “दोन्ही वेळचा चहा साखरेचाच पाहिजे. आणि मोळीच्या दिवशी जिलेबी पाहिजे. प्रत्येकाला, पोटभर.”

“हे कामगार बोलतो आहे, की स्टोअरकीपर?” याकोबरावांनी विचारले.

“दोघंही,” आसाराम म्हणाले.

जिलेबी कोणी मागितलेलीच नव्हती. बाहेर पहिल्यांदा कोणीतरी शीळ घातली, मग जो कल्लोळ उठला तो गव्हाणीपर्यंत गेला. लोकांनी कठडा ओलांडून आसारामांना खांद्यावर घेतले, असे सांगतात. यात अतिशयोक्ती असावी, कारण व्हरांड्याचे छप्पर ठेंगणे होते. कानिफनाथ मात्र म्हणत, की म्हणून तर आसारामच्या टोपीला चुना लागला होता.

“जिलेबी म्हनं,” कानिफनाथ खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाले. “उद्या श्रीखंड मागाल. चहाच बंद. दोन्ही टायमाचा.”

“कानिफअण्णा फितूर झाला,” गोरक्षनाथ ओरडला. “आसारामभाऊच आमचा पुढारी.”

“झालं, आता आपापल्या खुर्चीत या,” याकोबराव म्हणाले. कोणी हलले नाही. आसाराम म्हणाले, की त्यांना इथेच बरे वाटते. कानिफनाथांचा चेहरा दुखावलेला होता आणि हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. याकोबरावांना डोळ्यांसमोर भिंतीला टेकलेला आरसा दिसला, त्यात आपला गुडघ्यावर बसलेला चेहरा, आणि त्यामागे मेहुणा फळ्यावर काहीतरी लिहिताना.

त्याच वेळी गर्दी फाकली. गोंगाट ऐकून मॅनेजरसाहेब आले होते आणि कानिफनाथांचे शेवटचे वाक्य त्यांनी ऐकले होते. त्यांचा चेहरा फुलला. “कंपनीची बाजू इतकी ठणठणीत मलाही कधी मांडता आली नाही,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “भांबळ, हा माणूस कंपनीतर्फे जे कबूल करील, ते मला कबूल.”

“अन् आसारामभाऊ जे कबूल करतील, ते आमाला,” कठड्याबाहेरून जबाब आला.

कोणालाही परक्या खुर्चीत ठेवून समेट करायचा नाही, हा याकोबरावांचा स्वतःचा नियम होता. पण इथे दोन्ही बाजूंनी मुखत्यारी दिली होती, मंडळी खूश होती, आणि उद्याचे वाजंत्रीवाले आजच फाटकापाशी येऊन सनई पुसत बसले होते. त्यांनी नियम सोडला. “ठीक,” ते म्हणाले. “कंपनी, तुमच्याकडे द्यायला काय आहे?”

कानिफनाथांनी बाहेर पाहिले. दुपारपर्यंत त्यांच्या मागे चालणारी माणसे त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. त्यांनी घसा खाकरला. “आसाराम, खरं सांग. सरकारला ईचारायला लागत न्हाई आशी साखर हाय का कुठं?”

“ते मी कसं सांगू? मी कामगार आहे. स्टोअरकीपरला विचारा.”

“त्यो कुठं हाय?”

आसारामांनी इकडेतिकडे पाहिले. “तोही मीच,” ते जरा नाइलाजाने म्हणाले. “पाहुण्यांच्या बंगल्यासाठी साखर मंजूर आहे. चहापाण्यासाठी म्हणून. चहा कोणी प्यावा, ते मंजुरीत लिहिलेलं नाही.”

मॅनेजरसाहेबांचे हसू जागच्या जागी थांबले.

“मंग कंपनी ती साखर कामगारास्नी देती,” कानिफनाथ म्हणाले. “पुरंल तवर, सकाळच्या चहाला. दुपारी गूळच, पन मालनमावशीनं दूध येगळं तापवायचं अन् वरून घालायचं. अन् चहा मशिनीपाशी येईल. पाना टाकून कुनी पळायचं न्हाई.”

“कबूल,” आसाराम म्हणाले. “जिलेबी?”

“पट्टा पडल्यावर.”

पट्टा पडणे म्हणजे हंगाम संपणे. आसारामांनी कठड्याबाहेर पाहिले. गोरक्षनाथने विचार केला, पाना खांद्यावर टाकला आणि मान हलवली. “कबूल,” आसाराम म्हणाले.

“अहो, पण उद्या पाहुणे येणार आहेत,” साहेब म्हणाले. “त्यांना काय द्यायचं?”

“गूळ हाय की, साहेब,” मालनबाई कठड्याबाहेरून म्हणाल्या. “लई हाय.”

साहेबांनी याकोबरावांकडे पाहिले. याकोबराव दोन खुर्च्यांच्या मधोमध, कोणाच्याच बाजूला न झुकता, छपराकडे पाहत होते. शब्द चारचौघांत दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी मोळी ठरल्या वेळी पडली. सनई वाजली, नारळ फुटला, गव्हाणीची साखळी खडखडत निघाली, आणि चरकाखाली रसाची पहिली धार दिसली तेव्हा कानिफनाथ आणि आसाराम शेजारी शेजारी उभे होते. कामगारांनी मशिनीपाशी साखरेचा चहा प्याला. मांडवात बागायतदार आणि साहेब गुळाचा चहा घेत होते. गर्दीच्या धांदलीत मालनबाईंना कालचा ठराव आठवला नाही. गूळ आणि दूध पुन्हा एकदमच पडले होते. एका बागायतदाराने कपात डोकावून पाहिले आणि हा नवा प्रकार आहे का, असे अदबीने विचारले.

साहेबांनी याकोबरावांना बोटाने जवळ बोलावले. “भांबळ, हा चहा फाटला आहे.”

“होय, साहेब.”

“याची तक्रार कोठे करायची?”

“दवाखान्याच्या व्हरांड्यात. मात्र आधी तुम्हाला मालनबाईंची बाजू मांडावी लागेल. त्या मान्य करीपर्यंत.”

साहेबांनी भट्टीकडे पाहिले. मालनबाई पळी हातात धरून कोणालातरी झापत होत्या. साहेबांनी कप तोंडाला लावला आणि चोथ्यासकट संपवला. “तुमचा कायमचा हुकूम दुपारी टाइम ऑफिसातून घेऊन जा,” कप खाली ठेवत ते म्हणाले. “आणि त्या दोन खुर्च्यांपैकी एकीतही मला कधी बसवू नका.”

याकोबराव घरी गेले तेव्हा मार्थाबाई दारातच होत्या. साखळीची खडखड क्वार्टरपर्यंत आली होती. त्यांनी हातोडी पुढे केली. खिळे आदल्या वर्षापासून पदराच्या गाठीत असावेत, इतक्या सहज त्यांनी ते काढले.

“कंदील दाराशी लावू,” याकोबराव म्हणाले.

“खिडकीपाशी.”

“अगं, दाराशी उजेड लागतो. येणारा-जाणारा दिसतो.”

मार्थाबाईंनी पाट ओढला, ट्रंक पुढे सरकवली आणि स्वतः ट्रंकेवर बसल्या. “बसा पाटावर. तुम्ही मार्था. बोला.”

पंचवीस-तीस तंटे मिटवलेला माणूस पाटावर बसला. नव्या कायमपणाच्या आनंदात त्याने खिडकीची बाजू मांडायला घेतली: रात्री वाचताना डोळ्यांवर ताण येत नाही, दाराशी वारा लागतो तसा इथे लागत नाही, शिवाय पाण्याच्या पाटाकडून येणाऱ्या बायकांना घरात कोणी जागे आहे हे दिसते. मांडणी इतकी रंगली, की ट्रंकेवरच्या मार्थाबाईंनी दाराच्या बाजूने एक शब्दही काढला नाही. त्या फक्त “बरोबर, हेच माझं म्हणणं आहे” असे म्हणाल्या, उठल्या, आणि खिडकीपाशी खिळा धरून उभ्या राहिल्या.

“आता तुमच्या जागेवर परत या,” त्या म्हणाल्या, “आणि ठोका.”